आप्पांना दाखवायचा होता तो खडक

मी काय काम करते, हे आमच्या गावात आजवर कुणालाही धड समजलेलं नाही. गाव सारंगखेड्याजवळ, तापीच्या काठाला. काम मालवणला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि पायात पंखे चढवून लोकांना समुद्राच्या तळाशी न्यायचं, तिथले प्रवाळांचे खडक आणि मासे दाखवायचे आणि धडधाकट वर आणायचं. याला डायव्हिंग म्हणतात. शेजारच्या काकू दर वर्षी त्याचं 'ड्रायव्हिंग' करतात आणि विचारतात, "कोनती गाडी चालावस?" किराणा दुकानाच्या शेठजींना वाटतं मी मोती काढते. राजस्थानातून त्यांचे आजोबा इथे आले, त्यामुळे समुद्राबद्दलची त्यांची माहिती आमच्याइतकीच. शाळेतले माझे जुने सर भेटले की खांद्यावर हात ठेवून म्हणतात, बँकेच्या परीक्षेला अजून वय आहे तुझं.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि आमचं काम बंद पडतं. ते चार महिने मी घरी येते. घर म्हणजे आप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि त्याच्या मागच्या तीन खोल्या. आप्पा म्हणजे माझे वडील. जळालेल्या पाणबुडी मोटारींच्या तारा काढायच्या आणि नव्या भरायच्या, हे त्यांनी आयुष्यभर केलं. विहिरीतल्या, बोअरमधल्या, नदीतल्या मोटारी. त्यामुळे पाणी या विषयावर आपल्याला कुणी काही सांगू नये, असं त्यांचं ठाम मत आहे. आई गेल्यापासून आप्पांची थोरली बहीण, माझी फुई, आमच्याकडेच असते. तिचंही प्रत्येक विषयावर ठाम मत आहे.

भांडण सुरू झालं ते एका मोटारीवरून. पावसाळा सरत आला होता. नदीला आलेल्या लोंढ्यात एका पपईवाल्या शेतकऱ्याची मोटार पाइपासकट तापीत गेली. तो आप्पांचं जुनं गिऱ्हाईक. आप्पांनी त्याला परस्पर सांगून टाकलं, काळजी करू नको, पोरगी घरीच आहे, ती काढून देईल. मला हे कळलं ते तो माणूस दोर, हूक आणि दोन भाऊ घेऊन दारात उभा राहिला तेव्हा.

मी आप्पांना बाजूला घेतलं. "आप्पा, मी नदीमा जात नही."

"समुद्रमा जास ना? मंग तापीमा जावाले काय व्हस?"

मी समजावलं. पाणी चहासारखं आहे, डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसणार नाही. खाली वाहून आलेली झाडं, काटेरी तारा, जुने दोर. बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडतील सांगता येत नाही. माझ्याकडे इथे टाकी नाही, जोडीला दुसरा माणूस नाही. आप्पा ऐकत होते, म्हणजे मी थांबायची वाट बघत होते. मग म्हणाले, "दोन मिनिटनं काम शे."

मी नाही म्हणाले. तो शेतकरी बिचारा समजूतदार होता, "ऱ्हाऊ दे ताई," म्हणून निघून गेला. पण आप्पांचा शब्द गेला. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यांनी भाकरी मोडली आणि मान वर न करता विचारलं, "नदीमा दिसत नही, उतरता येत नही. मंग तू तठे करस तरी काय?"

मला हे फार लागलं. एवढी वर्षं झाली, एवढे फोटो पाठवले, एवढे फोन झाले, आणि शेवटी हा प्रश्न. मी म्हणाले, "या आनि देखा."

"मी येस," आप्पा म्हणाले.

फुई म्हणाली, "मी बी येस."

मी त्यांना अगदी बजावून सांगितलं होतं की डिसेंबर अर्धा होऊ द्या, मग या. आमच्याकडचा समुद्र टीव्हीवरच्या समुद्रासारखा बारा महिने निळा नसतो. पावसाळ्यात नद्या आणि खाड्या माती आणतात, ती बसायला वेळ लागतो. मग ऊन पडलं की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव इतके वाढतात की पाणी हिरवं होतं, मुगाच्या कढणासारखं. वारा फिरला, दूर कुठेतरी वादळ झालं, अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आली, की तळाची रेती पुन्हा वर. पाण्याखाली किती लांबचं दिसतं, त्यावर आमचं सगळं अवलंबून. त्याला आम्ही 'व्हिज' म्हणतो. सकाळी उठल्यावर आम्ही एकमेकांना चहा झाला का विचारत नाही, व्हिज काय आहे ते विचारतो. चांगला दिवस असला तर बोटीवरून खाली वाकलं की खडक दिसतो. वाईट दिवशी आपलेच पंखे दिसत नाहीत.

हे सगळं आप्पांनी फोनवर ऐकून घेतलं आणि दिवाळी संपताच तिकिटं काढली. कारण त्यांचं. गव्हाची पाणी भरणी सुरू झाली की मोटारी जळायला लागतात, मग दुकान सोडता येत नाही. म्हणजे समुद्राने मोटारींच्या सवडीने स्वच्छ व्हायचं.

निघण्याआधी मी त्यांना तपासणी करून यायला सांगितलं होतं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छाती ऐकली आणि विचारलं, कशासाठी पाहिजे दाखला? आप्पांनी सांगितलं, समुद्राच्या तळाशी जायचंय. डॉक्टरांनी फुईकडे बघितलं. फुईने मान डोलावली. फोन करून डॉक्टरांनी माझ्याकडून खात्री करून घेतली, तेव्हा कुठे सही केली.

नंदुरबारहून सुरत आणि तिथून कोकणची गाडी पकडून दोघं कुडाळला उतरली. त्यांच्याबरोबर ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ होतं, लाल मिरचीचा ठेचा होता, शेव होती, आणि पपयांचा एक खोका होता, ज्यातल्या अर्ध्या पपया वाटेतच पिकून फुटल्या होत्या. फुई मासे खात नाही. मासे जिथे शिजतात तिथलं पाणीही पीत नाही. मालवणात हे कसं जमायचं, याचा तिने विचार केला नव्हता. पहिल्याच दिवशी तिने नाकाला पदर लावला तो जेवताना सोडून काढला नाही. माझ्या एका खोलीत, माझ्या एका शेगडीवर, ती दोन वेळा भाकऱ्या थापायची आणि म्हणायची, "कशी ऱ्हास तू आठे?"

आणि त्याच आठवड्यात समुद्रात कुठेतरी लांब कमी दाबाचा पट्टा तयार झाला. आमच्याकडे आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटावं काय सुंदर दिवस आहे. पण खालून लांब लांब लाटा येत होत्या, अशा की बोट उभ्याउभ्या श्वास घेतल्यासारखी वरखाली व्हायची. पहिल्या सकाळी मी आमच्या बोटवाल्याबरोबर खडकावर जाऊन आले. नांगर टाकला. दोर हातभर खाली गेला आणि हिरव्यात नाहीसा झाला.

"आज काय खरा नाय," बोटवाला म्हणाला.

परत येऊन मी आप्पांना सांगितलं, आज नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आप्पा किनाऱ्यावर वाळूत उभे राहून बोटी मोजल्यासारखे बघत राहायचे. "तुन्ही बोट उभीच शे," ते म्हणाले. "बाकीन्या बोटी जाई ऱ्हायन्यात."

त्यांना कसं सांगायचं? जाणाऱ्या बोटी जातच असतात. लांबून आलेल्या माणसाला एका दिवसात समुद्र बघायचा असतो आणि त्याला नाही म्हणणं कुणालाच परवडत नाही. खाली काही दिसत नसलं तर मासे बोलवून घेतात. पाव कुस्करून पाण्यात सोडला की काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात, माणसाच्या तोंडासमोर गर्दी करतात, फोटोत पाण्याचा गढूळपणा झाकून जातो. माणूस खूश. खडकावर शेवाळ खाऊन जगायची सवय असलेले मासे पावाला चटावतात, बाकीचे लाजरे मासे तिथून हटतात, आणि खडकावर शेवाळ माजतं. मी या पावाविरुद्ध इतकं बोलले आहे की किनाऱ्यावर मला मागून 'पाववाली' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

रिकामपणी आप्पांनी आमच्या डायव्हिंग सेंटरवरच्या सामानाकडे मोर्चा वळवला. टाक्यांमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर त्यांनी कान लावून ऐकला आणि मालकाला सांगितलं की व्हॉल्व्ह वाजतोय. मालक हसून बरं म्हणाला. इथवर ठीक होतं. दुपारी मी टाक्या धुऊन आत आले तर आप्पा मांडी घालून बसलेले, समोर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर माझ्या जादाच्या रेग्युलेटरचे तुकडे. रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा तोंडाला बेताने देणारं यंत्र. त्याच्यावर माणसाचा जीव असतो. ते उघडायला वेगळं शिक्षण लागतं, आणि ते मीही घेतलेलं नाही.

"काय करी ऱ्हायनात, आप्पा?"

"काही नही. उघाडीसन देखं फक्त." स्क्रू ड्रायव्हर ते घरून खिशात घालून आले होते.

त्यांनी ते जसंच्या तसं पुन्हा जोडलं. म्हणजे त्यांच्या मते. वर्तमानपत्रावर एक काळं रबरी वेटोळं उरलं होतं, नखाएवढं. आप्पा म्हणाले, हे बहुतेक जादाचं असावं. मी ते रेग्युलेटर पिशवीत घालून दुरुस्तीला पाठवायच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

चौथ्या दिवशी मला एका मुलीच्या स्विमिंग टँकमधल्या सरावासाठी बाहेर जावं लागलं. दुपारी परतले तर खोलीत फुई कधी नव्हे ती हसत बसलेली. केस ओले. नाकाला पदर नाही. आप्पा मोबाईल समोर धरून बसलेले. त्यावर व्हिडिओ चालू होता: हिरवट पाणी, पट्टेवाल्या माशांची झुंबड, मध्येच आप्पांचं काचेच्या मास्कआड दबलेलं नाक, मध्येच नारिंगी जॅकेटात रबरी रिंग धरून तरंगणारी फुई, आणि तिच्या मुठीत पाव.

दोघं शेजारच्या बोटीने जाऊन आली होती.

"मासा हातवर येईसन पाव खातस," फुई म्हणाली. "इतला मासा! मन्हं मन भरी गयं."

"तुम्हीन मला विचारायचं तरी," मी म्हणाले. रागात मी अहिराणी आणि शाळेतली मराठी यांची खिचडी करते, हे घरच्यांना माहीत आहे. "मी चार दिवस झाले सांगते आहे ना, की थांबा?"

"ते लोके म्हनतस, जमस," आप्पा म्हणाले. "तू म्हनस, जमत नही. मी काय समजू?"

"ते तुम्हाला वरवर तरंगवत ठेवतात, पाव टाकतात आणि परत आणतात. खडक कुठे बघितलात तुम्ही? खाली काय आहे, एक तरी गोष्ट सांगा."

आप्पा विचारात पडले. "मासा," ते म्हणाले.

मी बाहेर निघून गेले. किनाऱ्याने चालत बंदरापर्यंत गेले आणि परत आले. मला राग पावाचा नव्हता फक्त. त्या खडकावर मी किती वेळा उतरले असेन. कुठल्या फटीत कुठला मासा राहतो, कुठला प्रवाळ उन्हाळ्यात पाणी तापलं की आधी पांढरा पडतो, कुठला पुन्हा सावरतो, हे मला आमच्या गल्लीसारखं पाठ आहे. ते त्यांना दाखवायला मी चार दिवस जीव टाकत होते, आणि ते पाव टाकून खूश होऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा फिरला. जमिनीकडून समुद्राकडे, हलका. बोटवाल्याचा फोन आला, "पाणी बसला." मी आप्पांना उठवायला वळले. खरं सांगायचं तर मनात आलं होतं की नको न्यायला, दुपारच्या गाडीने जाऊ दे दोघांना. पण आप्पा आधीच उठून, दाढी करून, लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

फुई म्हणाली, माझं बघून झालंय, तुम्ही जा.

खडक किनाऱ्यापासून फार लांब नाही आणि खोलही नाही. दोन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तर वरच्याचं डोकं पाण्याबाहेर निघेल, एवढाच. बोटीवर मी त्यांना खुणा पुन्हा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवली की 'सगळं ठीक'. कान दुखला तर कानाकडे बोट. नाक दाबून हळू फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' नाही, त्याचा अर्थ 'मला वर जायचंय'. "समजलं?" "समजनं." "काहीही हातात धरायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही." "बरं."

आम्ही उतरलो. नांगराचा दोर धरून थोडं खाली गेलो आणि आप्पांनी अंगठा वर केला. मी त्यांना वर आणलं. मास्क वर करून विचारलं, "काय झालं?"

"काही नही. भारी शे."

पुन्हा उतरलो. पुन्हा जरा खाली गेल्यावर अंगठा. पुन्हा वर. "आप्पा, तो अंगठा वर करू नका." "हा, हा. इसरी गऊ." तिसऱ्या वेळी त्यांनी अंगठा उचलला, मी मान हलवली, तेव्हा त्यांनी तो घाईने खाली केला, आणि तोच हात कानाकडे गेला आणि तिथून मागे आला. मी त्यांचा चेहरा बघितला. मास्कच्या काचेतून त्यांचे डोळे बारीक झालेले. मी कानाकडे बोट दाखवलं. त्यांनी ठामपणे नकाराची मान हलवली. हा माणूस कान फुटला तरी सांगणार नाही, हे मला माहीत होतं. त्यांना हातभर वर घेतलं, त्यांचं नाक मीच चिमटीत धरलं आणि फुंका म्हणून खूण केली. कान मोकळा झाला हे त्यांच्या भुवया वर गेल्या त्यावरून समजलं.

आणि मग आम्ही तळाशी पोचलो. पाणी अगदी काचेसारखं नव्हतं, पण चार दिवसांच्या मानाने फार चांगलं होतं. खडक पुढे पसरलेला दिसत होता. पिवळसर तपकिरी, गोल, मोठमोठे प्रवाळ, त्यांच्यामधून पंख्यासारखे पसरट प्रवाळ, फटींमध्ये काळे लांब काटे बाहेर काढून बसलेले सी-अर्चिन. एक पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडत होता, त्याचा कुर्र आवाज पाण्यात स्पष्ट येतो. मी आप्पांना कानाला हात लावून ऐका म्हटलं. त्यांनी ते कान दुखतो का असं समजून पुन्हा नकाराची मान हलवली.

मी त्यांना एका दगडाकडे घेऊन गेले. दगड नव्हता तो. दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा त्या जागी नेहमी बसतो, तो ओळखता येणं ही आमच्यात जरा मानाची गोष्ट समजतात. मी बोट दाखवलं. आप्पा वाकले, त्यांना काही दिसलं नाही, म्हणून त्यांनी आधारासाठी नेमक्या त्याच्यावर हात ठेवायला घेतला. मी त्यांचं मनगट इतक्या जोरात पकडलं की नंतर तिथे वळ उठला. मासा हलला, वाळू उडवून दुसरीकडे जाऊन बसला. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात छातीशी धरून घेतले. मला बरं वाटलं. आता मी त्यांना खडकाच्या पलीकडच्या बाजूला नेणार होते. तिथे प्रवाळ सगळ्यात दाट आहे, तिथेच मला त्यांना न्यायचं होतं.

पलीकडे गेलो आणि बघते तर तिथे जाळं.

वादळात कुठूनतरी तुटून वाहून आलेलं नायलॉनचं जाळं. लुगडं वाळत घातल्यासारखं खडकाच्या त्या सगळ्यात चांगल्या भागावर पसरलं होतं, लाटेबरोबर पुढेमागे होत होतं, आणि प्रत्येक वेळी प्रवाळ घासत होतं. खाली काही ठिकाणी प्रवाळाचा रंग उडाला होता. दोन खेकडे अडकले होते, एक जिवंत. एक मासा मेलेला.

माझं डोकंच फिरलं. बोटवाल्याबरोबर येऊन, दोघातिघांनी नीट ठरवून काढायचं हे काम. पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या माणसाला घेऊन असल्या जाळ्याजवळ जायचंच नसतं. त्याचा पंखा अडकला, नळी अडकली, तो घाबरला, की संपलं. मी आप्पांना मागे फिरायची खूण केली. आप्पा मागे फिरले नाहीत. त्यांनी जाळ्याकडे बोट दाखवलं. मी पुन्हा खूण केली. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं, अधिक जोरात, दुकानात हेल्परला दाखवतात तसं. पाण्याखाली ओरडता येत नाही ही फार गैरसोयीची गोष्ट आहे.

शेवटी मी त्यांना जाळ्यापासून लांब, वाळूच्या मोकळ्या जागेवर गुडघ्यांवर बसवलं आणि जाळ्याचा सुटा कोपरा त्यांच्या हातात दिला. धरा, एवढंच. ओढायचं नाही. आणि मी कमरेचा छोटा कटर काढून एकेक फास कापायला लागले. आप्पांनी खरंच ओढलं नाही. मी जेवढं सोडवीन तेवढं ते हळूहळू आपल्याकडे घेऊन गुंडाळत होते, तारेची वेटोळी घालतात तसं, ताण न देता. जिवंत खेकडा मी सोडवला तर त्याने माझंच बोट धरलं. एक छोटा काळा मासा, शेंगदाण्याच्या शेंगेएवढा, आपल्या शेवाळाच्या तुकड्याची राखण करत आप्पांच्या हाताला पुन्हा पुन्हा टोचत होता. आप्पांनी त्याला हाकललं नाही. हात तिथेच ठेवला.

हवेचा काटा खाली आला तेव्हा निम्म्याहून जास्त जाळं सुटलं होतं. मी आप्पांना खूण केली, वर. त्यांनी उरलेल्या जाळ्याकडे बोट दाखवलं. मी काटा दाखवला. ते बघत राहिले. मग त्यांनी अंगठा वर केला, या वेळी बरोबर अर्थाने.

बोटीवर चढल्यावर त्यांनी नळी काढली आणि पहिला प्रश्न विचारला, "ते जायं कोन्ही टाकं?"

"कोणी मुद्दाम टाकत नाही, आप्पा. तुटतं, वाहून येतं."

"आनि ऱ्हायेल जायं?"

"ते आम्ही दुपारी काढू."

"मी बी येस."

"नाही," मी म्हणाले. बोटवाला तोंड फिरवून हसत होता. आप्पांच्या नाकातून जरा रक्त आलं होतं, कानाच्या ताणाने येतं तसं. मी पुसलं. मला वाटलं आता ते खडकाबद्दल, माशांबद्दल, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "तुन्ही ती कातर बोथट शे."

दुपारी बोटवाला, सेंटरवरचा एकजण आणि मी असे तिघं जाऊन उरलेलं जाळं काढून आलो. आप्पा किनाऱ्यावर उभे होते. संध्याकाळी त्या जाळ्याच्या ढिगाजवळ बसून त्यांनी त्याचे तुकडे बघितले, गाठी बघितल्या. फुईने विचारलं, "काय देखं रे भाऊ तठे?" आप्पा म्हणाले, "पानी." फुईने मोबाईल उघडून पुन्हा पावाचा व्हिडिओ लावला.

दोघं घरी गेली. त्यानंतर मी आठवडाभर सुट्टी काढून सारंगखेड्याच्या यात्रेला घरी गेले. घोडेबाजार भरलेला, पाहुणे आलेले. आणि सगळ्या पाहुण्यांनी तो व्हिडिओ बघितलेला. जो तो मला विचारत होता, मासे खरंच हातावर येतात का. मी पावाचं सांगायला सुरुवात केली की ऐकणाऱ्याचे डोळे घोड्यांकडे जायचे. माझ्या काकांनी तर उन्हाळ्यात दोन गाड्या करून सगळ्यांनी मालवणला जायचं ठरवूनच टाकलं होतं. मी म्हणाले, मे महिन्यात पाणी बिघडायला लागतं, लवकर या. काका म्हणाले, मुलांच्या परीक्षा कधी संपतात ते बघायला पाहिजे ना. फुई म्हणाली, "शेव बी खातस का मासा?"

मी उठून दुकानात गेले. आप्पा एका मोटारीत तार भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. तार भरताभरता म्हणाले, "ते धवयं पडेल व्हतं ना. जायाखाले."

जाळ्याखाली पांढरा पडलेला प्रवाळ. त्यांनी तो बघितला होता.

"हो."

"जिता शे का मरेल?"

मी सांगितलं की प्रवाळ म्हणजे दगड नाही, लहान लहान जीव असतात एकत्र, घासले गेले की मरतात, पण नुसतेच फिके पडले असतील तर कधी कधी सावरतात. आताच सांगता येणार नाही. आप्पांनी तारेचा फेरा पुरा केला, कापडी पट्टी लावली. "मंग जाईसन देख आनि फोन कर."

मालवणला परत आले तर वारा सुटलेला. तीन दिवस पाणी हिरवं. आप्पांचा सकाळी फोन, दुपारी फोन. गेली होतीस का? नाही आप्पा, दिसणार नाही काही. का दिसणार नाही? मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, लाटा, रेती, भरती. ते म्हणाले, हे तू आधी सांगितलं नव्हतंस. मी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी उतरता आलं. वरच्या बाजूचा, जिथे जाळं घट्ट आवळलं होतं तो हातभर भाग गेला होता. त्याच्यावर बारीक हिरवं शेवाळ चढलं होतं. पण बाजूला जो नुसता फिका पडला होता, त्याला रंग परत आला होता, कडेकडेने, चहात दूध कमी पडल्यासारखा. त्या छोट्या काळ्या माशाने मलाही टोचून बघितलं.

किनाऱ्यावर येऊन, ओल्या हातानेच मी आप्पांना फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. किती गेला, किती राहिला. ते ऐकत होते. मागे दुकानात कुणीतरी येऊन बोलत होतं, लोखंडावर हातोडी पडत होती.

"निम्मा ऱ्हायना म्हना ना," आप्पा म्हणाले.

"निम्म्यापेक्षा जास्त."

"बरं." मग मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, "ठेव आते. गिऱ्हाईक उनं."